अण्णांची बायपास आणि फाईलमधली आद्याक्षरं

माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, बायपास २१ जानेवारी २०२५ला पुण्यात झाली. ते आता बरे आहेत आणि माझ्यावर पूर्वीइतकेच चिडतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. मला लिहायचंय ते मुख्यतः कागदांबद्दल. घरात हृदयाचा पेशंट झाला की डॉक्टर आद्याक्षरांत बोलतात, सिस्टर आद्याक्षरांत लिहितात आणि विमा कंपनी त्याच आद्याक्षरांवर बोट ठेवून प्रश्न विचारते. मी बँकेत काम करते, डॉक्टर नाही. जे विचारून विचारून वहीत उतरवलं तेवढंच इथे देते. औषधाचा निर्णय मात्र ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनाच विचारून घ्यावा.

अण्णा कऱ्हाडला असतात. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, वय ६८. दर रविवारी सदाशिवगड चढायचा नेम. २०२४च्या दिवाळीनंतर अर्ध्या पायऱ्यांवर छाती आवळल्यासारखी व्हायला लागली. बसलं की थांबायचं, म्हणून महिनाभर त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गडावर जातो म्हणून निघायचे आणि पायथ्याशी टपरीवर चहा घेऊन परत यायचे. चप्पल धुळीने भरलेली दिसेना तेव्हा आईला संशय आला.

९ डिसेंबरला आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि चिठ्ठी दिली. त्यावर लिहिलं होतं: सी/ओ डीओई, चेस्ट हेविनेस × १/१२. के/सी/ओ डीएम, एचटीएन. सी/ओ म्हणजे पेशंटची तक्रार. डीओई म्हणजे श्रम केल्यावर लागणारा दम. के/सी/ओ म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार. इथे तो होता डीएम आणि एचटीएन, म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब. १/१२ हा मात्र अपूर्णांकही नाही आणि तारीखही नाही. त्याचा अर्थ एक महिना. तसंच ५/७ म्हणजे पाच दिवस आणि २/५२ म्हणजे दोन आठवडे. हे आधी समजलेलं बरं, कारण डिस्चार्जच्या गोळ्यांपुढेही हेच आकडे असतात.

त्याच दिवशी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली, २,२०० रुपये. रिपोर्टमध्ये एलव्हीईएफ ४५% होतं. आईने ते परीक्षेच्या मार्कांसारखं वाचलं, की शंभरातलं हृदय निम्म्याहून जास्त गेलं. तसं नसतं. हृदयाचा डावा खालचा कप्पा एका ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतो, तो हा आकडा. धडधाकट माणसाचाही साधारण ५५ ते ७०च्या दरम्यान येतो, शंभर कुणाचाच नसतो. म्हणजे ४५ कमी आहे, पण निम्मं हृदय गेलेलं नाही. त्याखाली आरडब्ल्यूएमए होतं. याचा अर्थ हृदयाच्या भिंतीचा काही भाग नीट आकसत नाही, बहुधा तिथे रक्त कमी पोचतंय. माइल्ड एमआर म्हणजे मायट्रल झडपेतून थोडं रक्त उलट गळतंय. शेवटची ओळ होती ‘नो क्लॉट / व्हेज / पीई’. अण्णा चष्मा सरसावून म्हणाले, “मी माळकरी माणूस आणि ह्यात नो व्हेज लिवलंय! कुणाचा रिपोर्ट आणलास बघ गं.” व्हेज म्हणजे व्हेजिटेशन, झडपेवर जंतुसंसर्गाने साठणारा थर. तो नाही, ही चांगलीच गोष्ट. आणि इकोतलं पीई म्हणजे हृदयाभोवतीच्या आवरणात साठलेलं पाणी. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते त्यालाही पीईच म्हणतात. तेव्हा अक्षरं कुठल्या तपासणीच्या कागदावर आहेत हे आधी बघायचं.

इको आणि ईसीजी पाहून हृदयरोगतज्ज्ञांनी स्ट्रेस टेस्ट, म्हणजे टीएमटी, करायचीच नाही असं ठरवलं. थेट सीएजी, अर्थात अँजिओग्राफी. ती १९ डिसेंबरला कऱ्हाडलाच झाली, १६,००० रुपये. आधी क्रिएटिनिन तपासतात, कारण नसेत सोडायच्या डायचा भार मूत्रपिंडावर येतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर ती कधी थांबवायची आणि परत कधी सुरू करायची, हे स्पष्ट विचारून घ्या. आम्हाला ते आपणहून कुणी सांगितलं नव्हतं. मनगटातून नळी घालतात, पेशंट जागा असतो आणि प्रत्यक्ष काम थोड्या वेळात आटोपतं. बाहेर बसणाऱ्याला मात्र ते थोडं वाटत नाही.

डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, “टीव्हीडी आहे. सीएबीजी ॲडव्हाईज करतोय.” पुढचा पेशंट टेबलवर होता, त्यामुळे ते लगेच आत गेले. सीएबीजी म्हणजे बायपास. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तीन मुख्य नळ्या म्हणजे एलएडी, एलसीएक्स आणि आरसीए. पहिल्या दोन डाव्या बाजूच्या एलएमसीए नावाच्या खोडातून फुटतात, तिसरी उजवीकडची. तिन्हीत अडथळे असले की ट्रिपल व्हेसल डिसीज, टीव्हीडी. दोनच असतील तर डीव्हीडी, आणि हे डॉक्टर अजिबात न हसता म्हणतात. अण्णांच्या एलएडीत सुरुवातीलाच ८०%, एलसीएक्सच्या ओएम १ या फांदीत ९०% आणि आरसीए मध्यावर पूर्ण बंद, १००%. तरी हार्ट ॲटॅकचा इतिहास नव्हता. बंद नळीच्या पुढच्या भागाला डावीकडून बारीक वाटांनी उलटं रक्त येत होतं, त्याला रिपोर्टात कोलॅटरल्स म्हटलं होतं.

संध्याकाळी मी रिपोर्टचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात मामेभावाचा फोन, आवाज कापरा. पीडीए म्हणून जे लिहिलंय तो जन्मजात दोष असतो, इतकी वर्षं कुणाला कळलं कसं नाही? त्याने पीडीए शोधून काढलं होतं आणि लहान मुलांमधल्या उघड्या राहिलेल्या वाहिनीची माहिती वाचली होती. अँजिओग्राफीच्या कागदावर पीडीए म्हणजे पोस्टिरियर डिसेंडिंग आर्टरी, हृदयाच्या मागच्या बाजूने खाली जाणारी नळी, जी बहुतेकांच्या उजव्या मुख्य नळीतून निघते. ती सगळ्यांनाच असते. त्या रात्री मी एक दोनशे पानी वही काढली. डावीकडे अक्षरं, उजवीकडे अर्थ आणि कुणी सांगितला त्याचं नाव. नेटवर शोधायचं नाही, जो लिहितो त्यालाच विचारायचं, असं ठरवलं.

एक गोष्ट आवर्जून: अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या. नुसता कागदी रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर ते आधी सीडीच मागतात, कारण त्यांना नळ्या स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या असतात. काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे लावतात. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार पेशंटने मागितलेली कागदपत्रं डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायची असतात. त्यामुळे मागताना ओशाळायचं कारण नाही.

४ जानेवारीला पुण्यात दुसरं मत घेतलं. आमचा प्रश्न सगळ्यांचा असतो तोच: स्टेंट टाकून भागणार नाही का? कागदावर स्टेंटला पीटीसीए किंवा पीसीआय लिहितात. सर्जनने सीडी पाहिली आणि चिठ्ठीच्या पाठीमागे हृदय काढून दाखवलं. तिन्ही नळ्या, त्यातली एक पूर्ण बंद, शिवाय मधुमेह. अशा पेशंटांसाठी बायपास जास्त हिताची ठरते, असं फ्रीडम नावाच्या मोठ्या अभ्यासात २०१२मध्ये दिसलं, हे त्यांनीच सांगितलं. मी वही उघडून एकेक अक्षर विचारत होते आणि त्यांना त्याचा कंटाळा आलेला दिसला नाही. माझं निरीक्षण असं, की डॉक्टर कंटाळतात ते “काही काळजीचं नाही ना?” या प्रश्नाला. “आरएसव्हीजी म्हणजे काय?” याचं उत्तर ते उत्साहाने देतात.

तारीख २१ जानेवारी मिळाली. इतकी लांब का, म्हणून आई अस्वस्थ होती. एक कारण क्लोपिडोग्रेल होतं. ही रक्त पातळ ठेवणारी गोळी तातडी नसेल तर बायपासच्या साधारण पाच दिवस आधी बंद करतात, नाहीतर रक्तस्राव आवरत नाही. ॲस्पिरिन चालू ठेवायला सांगितली. त्याशिवाय तपासण्या होत्याच: एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो), एचआयव्ही आणि काविळीच्या चाचण्या, फुप्फुसांची ताकद मोजणारी पीएफटी, मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर. मधे संक्रांत आली. अण्णांनी तिळाची वडी खाल्ली आणि ती मी पाहिली नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं.

आता विमा. प्री-ऑथ, म्हणजे कॅशलेससाठीची आगाऊ मंजुरी, आम्ही १३ जानेवारीला हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरून, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या टेबलावरून, पाठवली. दोन दिवसांनी क्वेरी आली: मधुमेहाचा कालावधी स्पष्ट करा, पहिल्या निदानाचे कागद जोडा. झालं असं होतं की ओपीडीतल्या शिकाऊ डॉक्टरने विचारलं, “काका, शुगर किती वर्षं?” आणि अण्णा अघळपघळ म्हणाले, “झाली की पंधराएक वर्षं.” कागदावर उमटलं: के/सी/ओ डीएम × १५ वर्षं. पॉलिसी २०१८ची आणि अर्जात मधुमेह २०१४पासूनचा लिहिलेला. खरं तेच होतं, पण आता कागद दोन गोष्टी बोलत होते.

यावर तीन गोष्टी जमवल्या. आईने पत्र्याच्या ट्रंकेतून २०१४चा पहिला शुगर रिपोर्ट शोधून काढला. फॅमिली डॉक्टरांनी लेटरहेडवर पत्र दिलं. आणि पुण्याच्या सर्जनने सही-शिक्क्यासह खुलासा लिहिला, की कालावधी तोंडी सांगितलेला होता. आमचे विमा एजंट काका जुने आणि पक्के. त्यांनी सोबत एक ओळ जोडायला लावली: पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवली या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. २०२४पर्यंत ही मुदत ९६ महिन्यांची होती. मंजुरी १८ तारखेला आली. तेव्हा, पेशंटची हिस्टरी लिहून घेताना शेजारी बसा आणि वर्षं मोघम सांगू देऊ नका. खोलीचं भाडंही पॉलिसीच्या मर्यादेत ठेवा. वरची खोली घेतली तर नुसता फरकच नाही, बिलातल्या इतर खर्चालाही त्या प्रमाणात कात्री लागू शकते. आम्ही दोन खाटांची खोली घेतली.

विमा नसलेल्यांसाठी: प्रतीक्षागृहात जत तालुक्यातलं एक कुटुंब भेटलं. त्यांच्या आजीची बायपास महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होत होती. ही योजना आता सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण यादीतलंच हॉस्पिटल लागतं. तिथे आरोग्यमित्राचा टेबल असतो, पहिला थांबा तोच. रेशनकार्ड, आधार, अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि पुन्हा तीच सीडी. त्यांची मंजुरी रेशनकार्डावरच्या आणि आधारवरच्या नावात फरक म्हणून अडली होती. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आधीच काढून ठेवावा.

२० तारखेला भरती. रक्तपेढीसाठी रक्तदाते न्यायचे होते, कुठलाही गट चालतो. भाच्याच्या मित्रांनी ते निभावलं. कागदावर पीआरसी आणि एफएफपी राखून ठेवल्याची नोंद झाली, म्हणजे तांबड्या पेशी आणि गोठवलेला रक्तद्रव. रात्री बारानंतर एनबीएम, तोंडाने काहीही नाही, पाणीसुद्धा नाही. संमतीपत्र इंग्रजीत होतं. मी मराठीतलं मागितलं तर कपाटातून निघालं. आधीच का दिलं नाही, हे विचारायचं बळ तेव्हा नव्हतं. त्यात आयएबीपी लागल्यास संमती आहे, अशी ओळ होती. तो हृदयाला तात्पुरता आधार देणारा, महाधमनीत ठेवायचा फुगा. ‘री-एक्स्प्लोरेशन’ म्हणजे रक्तस्राव न थांबल्यास छाती पुन्हा उघडणं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, सही केली आणि म्हणाले, “इंजन खोलायचं म्हटल्यावर एवढं लिवून घेणारच.”

सकाळी सातला आत नेलं, दुपारी दीडला सर्जन बाहेर आले. ओपीसीएबी × ३. सीएबीजी तीच, पण हृदय न थांबवता, हार्ट-लंग मशीनशिवाय केलेली. हृदय थांबवून करतात तेव्हा सीपीबी लिहितात. कुठली पद्धत, हा सर्जनचा निर्णय. तीन जोडण्या अशा: लिमा टू एलएडी, आरएसव्हीजी टू ओएम १, आरएसव्हीजी टू पीडीए. लिमा ही छातीच्या आतल्या डाव्या बाजूची धमनी, ती जास्त वर्षं टिकते म्हणून सगळ्यांत महत्त्वाच्या नळीला जोडतात. आरएसव्हीजी म्हणजे पायातून काढलेली शीर, झडपांमुळे रक्त अडू नये म्हणून उलटी करून लावलेली. लिमा काढल्यामुळे छातीची डावी बाजू बधिर राहते आणि शीर काढलेला पाय सुजतो. हे आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही.

आयसीयूत दिवसातून दोनदा, एका वेळी एकच माणूस. पहिलं दर्शन वाईट असतं, मनाची तयारी करून जा. घशात ईटी ट्यूब, म्हणजे श्वासाची नळी, म्हणून बोलता येत नाही. मानेत औषधं द्यायची सेंट्रल लाईन, मनगटात सतत रक्तदाब मोजणारी ए-लाईन, छातीतून निघालेल्या आयसीडी. इथली आयसीडी म्हणजे छातीत साठणारं रक्त बाहेर काढणाऱ्या नळ्या. हृदयाला शॉक देणाऱ्या, कायमच्या बसवलेल्या यंत्रालाही आयसीडीच म्हणतात. डिस्चार्ज समरीत ‘आयसीडी रिमूव्ह्ड ऑन पीओडी २’ असं आलं तर त्याचा अर्थ शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी त्या नळ्या काढल्या. केरळच्या एक सिस्टर होत्या, त्या तुटक मराठीत सांगायच्या, “नॉरॲड कमी होतंय, चांगलं आहे.” रक्तदाब टिकवणारं औषध उतरत जातंय, म्हणजे हृदय स्वतः काम सांभाळतंय. मॉनिटरवरचे आकडे मला कळत नव्हते. हे एक वाक्य मात्र कळायचं.

घशातली नळी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. त्या रात्री अण्णा भ्रमले. साताऱ्याची गाडी रॅम्पवर घ्या, म्हणून वॉर्डबॉयला दटावत होते आणि मला ओळखलं नाही. मला रडू आवरेना. सिस्टर म्हणाल्या, मोठ्या ऑपरेशननंतर वयस्कर पेशंटना असं होतं, उतरतं. त्यांचा चष्मा आणि घड्याळ आणून द्या. दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला नावाने हाक मारून विचारलं, ऑफिसात रजा टाकलीस का.

तिसऱ्या दिवशी कागदावर नवीन अक्षरं: एएफ विथ एफव्हीआर. हृदयाचे ठोके अनियमित आणि वेगात पडत होते. बायपासनंतर बऱ्याच जणांना हे होतं. ॲमिओडॅरोन दिलं आणि संध्याकाळी एनएसआर, म्हणजे ठोक्यांची नेहमीची लय, लिहिलेलं दिसलं. वॉर्डात आल्यावर आय/ओ चार्ट मिळाला, किती पाणी आत आणि किती लघवी बाहेर त्याचा हिशोब. पाणी दिवसाला दीड लिटरच. अण्णांनी हा तक्ता वर्कशॉपच्या लॉगबुकासारखा चालवला, सिस्टरच्या नोंदीतली चूकही काढली. फुप्फुसांच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं स्पायरोमीटर फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. शेजारच्या खाटेवरचे काका दोन दिवस फुंकत होते.

डिस्चार्ज २९ जानेवारीला. विम्याची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी असा नियम आहे. आम्ही दुपारी बाराला सुरू केलं आणि रात्री आठला खाली उतरलो. बिल ३ लाख ८४ हजार, त्यातले ५१ हजार आमच्या खिशातून. हातमोजे, किट, फायलीचे पैसे अशा किरकोळ नावांखाली बरंच काही निसटतं.

समरी घाईत घेऊ नका, खुर्चीवर बसून वाचा. आमच्यात उजव्या पायाच्या जागी डावा लिहिलेला होता, तो बदलून घेतला. गोळ्यांपुढे ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, बीबीएफ नाश्त्याआधी, एसओएस गरज पडली तरच, एसएल जिभेखाली. लघवीची गोळी × २/५२ होती, म्हणजे दोन आठवड्यांनी बंद. कऱ्हाडच्या औषधवाल्याने महिन्याचा साठा बांधून दिला होता, तो परत केला. डीएपीटी म्हणजे ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही एकत्र, ही मनाने कधीच थांबवायची नाहीत.

घरी छातीचं हाड सांधेपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने, वजन उचलायचं नाही, हातांवर जोर देऊन उठायचं नाही, दुचाकी नाही. उठताना कुशीवर वळायचं आणि पाय खाली सोडून मग बसायचं. खोकताना उशी छातीशी धरायची. फेब्रुवारीभर ते उगाच चिडायचे, टीव्ही बघता बघता डोळे पुसायचे. सर्जनने फॉलोअपला सांगितलं की हेही होतं, पण महिन्या-दीड महिन्यात कमी झालं नाही तर कळवा. मार्चमध्ये कमी झालं. एप्रिलच्या इकोत एलव्हीईएफ ५०% आलं.

मी त्यांच्या पाकिटात एक छोटं कार्ड ठेवलंय: एस/पी ओपीसीएबी × ३, तारीख, डीएम, एचटीएन, ऑन डीएपीटी, आणि गोळ्यांची नावं. एस/पी म्हणजे अमुक शस्त्रक्रिया झालेली आहे. जूनमध्ये दाढ दुखली तेव्हा अण्णा मला न सांगता दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी कार्ड वाचलं, दाढ न काढता आधी हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला आणि दुखणं थांबवायच्या गोळ्या देऊन पुढची तारीख दिली. अण्णा घरी येऊन कुरकुरले, की तुझ्या कार्डामुळे दाढ राहिली. जुलैत काढली, गोळ्या चालू ठेवूनच.